लाल स्विफ्ट बघायला जाण्याआधी

सातारा

प्रिय सुहास,

स. न. वि. वि. वगैरे आपल्यात नको.

तू घ्यायची म्हणतोयस त्या जुन्या लाल स्विफ्टचे फोटो मिळाले. तुझी वहिनी वैतागेपर्यंत मोठे करकरून बघत होतो. गाडी देखणी आहे, वादच नाही. पण २०१५ चं मॉडेल, मीटरवर ४२ हजार आणि ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत, हे काही जुळत नाही. एवढ्याशा चालण्यात रबरावरच्या रेघा अशा पुसल्या जात नाहीत. स्टिअरिंगला नवंकोरं कव्हर आहे, तेही उगाच घातलेलं नसणार. मीटर मागे फिरवणारे लोक आहेत, डिजिटल मीटरही त्यांना जड जात नाही. तेव्हा मालकाला घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि गाडीच्या नंबरवरून जुन्या सर्व्हिसिंगची नोंद काढायला सांग. कोणत्या वर्षी किती किलोमीटरला गाडी आली होती ते कळेल. मालक ‘कशाला एवढं?’ म्हणायला लागला, तर उत्तर मिळालं असं समज.

दुसरं म्हणजे पासिंग. एमएच-०९. कोल्हापूरच्या गाडीत वाईट काही नाही (माझी सासुरवाडी तिकडची, जपून लिहितोय). पण ऑगस्ट २०१९ आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडे पुराचं पाणी घराघरांत शिरलं होतं, आणि २०२१ ला तर चिपळूणही बुडालं. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून लांबच्या जिल्ह्यात विकायच्या, हे चालतं. नाशिकला बसून तुला काय कळणार?

कळेल. सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढ. वरचा पट्टा सगळे धुतात, आत गुंडाळलेला तसाच राहतो. तिथे मातकट रेघ दिसली की गाडीला हात जोड आणि घरी ये. पायातल्या मॅटखालचं कार्पेट उचलून वास घे. सीट ज्या पट्ट्यांवर पुढेमागे सरकते त्यांना गंज आहे का बघ. डिकीतली स्टेपनी काढून खालच्या खळग्यात बोट फिरव, गाळ कोपऱ्यात बसलेला असतो.

आता माझ्या वॅगन आरविषयी. तू तिला डबा म्हणाला होतास, ते मी विसरलेलो नाही. आईच्या गुडघ्यांमुळे उंच सीटची गाडी हवी होती, एवढाच विचार होता. मोठ्या शहरातल्या एका डीलरकडे आधी जाऊन आलो. तिथे सगळ्याच गाड्या ‘सिंगल ओनर, शोरूम कंडिशन’. टायरला काळं पॉलिश, डॅशबोर्ड चकाचक, आणि आरसी, म्हणजे गाडीचा नोंदणीचा कागद, दाखवा म्हटलं की ‘ती ऑफिसात आहे, उद्या व्हॉट्सअ‍ॅप करतो’. ती कधी आलीच नाही.

मग ओळखीतून कराडची ही गाडी कळली. मालक बँकेतून निवृत्त झालेले. आमचे गॅरेजवाले मिस्त्री सोबत होते. त्यांनी आल्या आल्या बॉनेटवर हात ठेवला. इंजिन गार होतं, म्हणजे आपण येणार म्हणून आधीच सुरू करून ठेवलेली नव्हती. हे फार महत्त्वाचं आहे, कारण दमलेल्या इंजिनाची खडखड आणि निळसर धूर गार असतानाच नीट उघडे पडतात. नंतर दाराचं रबरी बीडिंग ओढून त्यांनी आतल्या स्पॉट वेल्डच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. ठिपके एकसारखे असले की दाराची चौकट कापून जोडलेली नाही. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याच्या, बोल्टपाशी ते थांबले, रंग उडून पान्याच्या खुणा दिसत होत्या. मिस्त्री काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, ‘‘तो बदललाय. आमच्याच गेटला घासला होता. बिल आहे.’’ आणि आतून एक फाइल आणली. सर्व्हिसिंगची बिलं तारखेनुसार लावलेली, विम्याच्या पॉलिस्या, शिवाय एक वही. त्यात प्रत्येक वेळी किती लिटर पेट्रोल भरलं आणि तेव्हा मीटर काय होता, याची नोंद! मिस्त्रींनी वही चाळली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, ‘‘गाडी नंतर बघू, माणूस चांगला आहे. सोडू नका.’’

माझंही आता हेच मत झालंय. गाडी बघायला जाशील तेव्हा निम्मा वेळ मालकाशी गप्पा मार. का विकताय, घाटात नेता का, टायर कधी बदलले, असं काहीही विचार. टायरचं उत्तर तर तिथल्या तिथे तपासता येतं. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मालक ‘मागच्या वर्षी नवे टाकले’ म्हणत असेल, तर वाकून वाच.

माझी वॅगन आर सव्वादोन लाखांना पडली, पण खर्च तिथे संपत नाही. चार टायर, बॅटरी, क्लच प्लेट, लोअर आर्मचे बुश, आपल्या रस्त्यांवर हे झिजणारच. त्यामुळे हातात तीन असतील तर अडीचची गाडी बघ. उरलेले पन्नास हजार पहिल्या वर्षात मिस्त्री कुठे ना कुठे लावतोच. घासाघीसही कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवी स्वस्त झाली तर जुनीचा भाव कसा टिकेल? डीलरला हे माहीत असतं, तो आपणहून काढत नाही इतकंच.

कौतुकच करतोय असं नको वाटायला. ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे. पसरणीच्या घाटात पाच माणसं आणि एसी चालू असेल तर दुसऱ्या गिअरला रडते. एसी बंद करायचा, काचा खाली करायच्या, आई लगेच ‘बरं वाटलं’ म्हणते. एअरबॅग नाहीत, हे मात्र मला खुपतं. तुझ्या घरात लहान मूल आहे, तेव्हा पुढच्या दोन्ही एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी सोय) असलेलंच मॉडेल शोध. वर्ष-दोन वर्षं नवी गाडी घ्यावी लागली तरी चालेल, म्युझिक सिस्टिमवर पाणी सोड.

कागदांचं थोडक्यात लिहितो. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय विसार देऊ नकोस. ई-चलन थकलेलं आहे का बघ. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी आपली झाली असं नाही, आरसीवर तुझं नाव येईपर्यंत एजंटच्या मागे लाग. विमा नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्यायचा. नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाबरोबर जातो, त्यामुळे हप्ता थोडा वाढेल, दचकू नकोस. त्याचा फास्टॅगही त्याला बंद करायला लाव.

रविवारी सकाळी सातलाच जा आणि मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका, असं आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेव. काकूंनाही, म्हणजे तुझ्या आईलाही, ने. स्विफ्टची सीट खाली आहे, त्यांना मागच्या सीटवर बसवून एकदा उतरायला सांग. गाडी सुरू करतानाचा व्हिडिओ पाठव, मिस्त्रींना ऐकवतो. ते रविवारी दहाला गॅरेज उघडतात.

तुझा,
अव्या