बाबा, तुम्ही ‘विकून टाक’ म्हणालात म्हणून

तीर्थरूप आई आणि बाबा यांस साष्टांग नमस्कार. दादालाही नमस्कार.

मी खुशाल आहे. नोकरी, तब्येत, राहतं घर, सगळं तुम्हाला माहीत आहे तसंच आहे. तरी लिहायला बसले, कारण मी इथे अमेरिकेत घेतलेल्या त्या शेअरचा विषय निघाला की फोनवर बाबा गप्प होतात, आई लगेच दुसरं काहीतरी विचारते आणि मी ‘काळजी करू नका’ म्हणून फोन ठेवते. गेले दोन महिने असंच चाललंय. दादा, हे पत्र मोठ्या अक्षरात छापून दे. बाबांना मोबाइलवर इतकं वाचवणार नाही.

आधी तीन गोष्टी सांगते. शेअर घेण्यासाठी मी कुणाकडून एक डॉलरही उसना घेतलेला नाही. अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवलाय, त्याला हात लावलेला नाही. आणि मी रात्ररात्र भाव बघत बसत नाही. बाजार इथे सकाळी साडेनऊला उघडतो आणि तेव्हा मी कामावर असते. रात्री जागणारे तुम्ही आहात, बाबा. तुमच्या संध्याकाळी सातला तो उघडतो आणि दीड वाजता बंद होतो. नोव्हेंबरात इथली घड्याळं तासभर मागे गेली की अडीच वाजतील. म्हणूनच कंपनीचं नाव मी इथे पुन्हा लिहीत नाही. कृपा करून झोपत जा.

दादाने पाठवलेला व्हिडिओ पाहिला. त्यात सांगितलंय ते खरं आहे. ऑगस्टमध्ये एका संस्थेने या कंपनीवर अहवाल काढला, मालाच्या मागण्या (ऑर्डर) फुगवून सांगितल्याचा आरोप केला आणि भाव एका दिवसात २४ डॉलरवरून १५ वर आला. बाबांनी विचारलं होतं, लोअर सर्किट कसं लागलं नाही? आपल्याकडे बहुतेक शेअर्सना ५, १० किंवा २० टक्क्यांची वेस असते, भाव त्या दिवशी तिच्याखाली जात नाही (तेच लोअर सर्किट), तशी दिवसभराची वेस इथे नाही. भाव फार वेगाने हलला तर पाच मिनिटं व्यवहार थांबतात आणि पुन्हा सुरू होतात. आदल्या दिवसाच्या बंद भावापेक्षा १० टक्के पडला, तर उरलेला दिवस आणि दुसरा दिवस शॉर्ट करणाऱ्यांना (उसने शेअर विकून भाव पडायची वाट बघणाऱ्यांना) चालू बोलीवर, म्हणजे घेणारा देतोय त्या भावावर, माल ओतता येत नाही, बोलीच्या वरच विकावं लागतं. हा नियम २०१० साली आला. पण त्याने पडणं थांबत नाही, नुसतं थोडं हळू होतं.

त्या संस्थेने अहवालातच लिहिलं होतं की आम्ही हा शेअर आधीच शॉर्ट केलाय, भाव पडला तर आमचा फायदा आहे. आई, तू म्हणालीस, ‘मग त्यांना पकडत का नाहीत?’ पकडत नाहीत, कारण तो गुन्हा नाही. खोटं लिहिलं तर गुन्हा. मलाही हे पचायला वेळ लागला, म्हणून सविस्तर सांगते.

समजा बाबांकडे १०० शेअर आहेत. मी ते उसने घेते आणि आजच्या २४ रुपये भावाने विकते. माझ्याकडे २४०० रुपये आले, पण बाबांचे १०० शेअर मला परत द्यायचे आहेत. भाव १५ झाला की मी १५०० रुपयांत १०० शेअर घेते, बाबांना देते, मधले ९०० माझे. बाबांना उसनवारीचं भाडं मिळतं. आता उलटं बघा. भाव ६० झाला तर मला ६००० रुपये खर्चून तेच शेअर परत आणावे लागतील. साधा शेअर घेणाऱ्याचं फार तर सगळं बुडेल, त्याहून जास्त काही जात नाही. शॉर्ट करणाऱ्याच्या तोट्याला वर छप्परच नाही. भाव चढायला लागला की ब्रोकर त्याच्याकडे जास्तीचं मार्जिन, म्हणजे अनामत, मागतो, ते नसेल तर त्याला मिळेल त्या भावाने खरेदी करून सुटावं लागतं आणि त्या खरेदीनेच भाव आणखी चढतो. याला इथे शॉर्ट स्क्वीझ म्हणतात.

बाबांना हे नवं नाही. १९८२ साली रिलायन्सचा शेअर मंदीवाल्यांनी विकत सुटल्यावर तेजीवाल्यांनी डिलिव्हरी मागितली, उंधा बदला (सौदा पुढे ढकलण्यासाठी मंदीवाल्यांनी भरायचा आकार) चढत गेला आणि शेवटी मुंबईचा बाजार बंद ठेवायची वेळ आली, ही गोष्ट तुम्हीच मला सांगितली होती. तेव्हा मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं. आता रोज आठवते.

फरक इतकाच की इथे उसने शेअर कुठून येतात, ते माझ्यासारख्यांना कळतच नाही. खातं उघडताना मी एका ओळीवर होकार दिला होता. पुढे महिन्याच्या हिशेबात दोन-तीन डॉलर जमा दिसले, चौकशी केली तर कळलं की माझेच शेअर उसने दिले गेले होते. म्हणजे ज्याला भाव पडायला हवा, त्याच्या हातात मीच माल दिला होता, आणि उसने दिलेल्या शेअरचं मतही देता येत नाही. मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ती सोय बंद केली. माझ्या बंद करण्याने शॉर्ट थांबत नाही, मोठे फंड आणि ब्रोकर ढिगाने शेअर देतात, हे मला माहीत आहे. तरी केली.

दर महिन्यात दोनदा इथे आकडे जाहीर होतात, कुठल्या शेअरमध्ये किती शॉर्ट उभं आहे याचे. माझ्या कंपनीत बाजारात फिरणाऱ्या दर तीन शेअरमागे जवळपास एक शॉर्ट आहे. बाबांना हाच आकडा बघून धसका बसला असणार. पण त्यातले सगळे कंपनी बुडेल म्हणून बसलेले नाहीत. कंपनीने परिवर्तनीय रोखे (पुढे शेअरमध्ये बदलता येणारे कर्जरोखे) काढलेत. ते घेणारे फंड आपली जोखीम झाकायला शेअर शॉर्ट करून ठेवतात, भाव कुठेही गेला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही. व्हिडिओत हे सांगत नाहीत, कारण मग भीती वाटणार नाही.

माझ्या ऑफिसात हा शेअर धरून बसलेले आणखी चौघे आहेत. त्यातल्या एकाने मुलीच्या शिक्षणाचे पैसे घातलेत. २०२१ सालच्या जानेवारीचं नाव काढलं की त्यांचे डोळे चमकतात. गेमस्टॉप नावाच्या व्हिडिओ गेम विकणाऱ्या दुकानांच्या कंपनीत एकूण शेअर होते त्याहूनही जास्त शॉर्ट उभं होतं (उसना घेऊन विकलेला शेअर पुढचा माणूस पुन्हा उसना देऊ शकतो, म्हणून हे शक्य होतं). छोट्या गुंतवणूकदारांनी खरेदीचा सपाटा लावला आणि २० डॉलरच्या आत असलेला शेअर २८ जानेवारीला ४८३ ला जाऊन आला. त्याच दिवशी काही ब्रोकरांनी खरेदी बंद केली, फक्त विक्री चालू ठेवली. सौदे मिटवणाऱ्या संस्थेने त्यांच्याकडे प्रचंड अनामत मागितली होती. आठवड्याभरात भाव १०० च्या खाली आला. वर विकणारे सुटले. ४०० च्या घरात घेतलेल्यांचं काय झालं, ते हे चौघे बोलत नाहीत.

टेस्लाचं उदाहरण तर रोज निघतं. शॉर्टवाले वर्षानुवर्षं मागे लागले होते आणि २०२० या एका वर्षात शेअर आठपट झाला. खरं आहे. पण जर्मनीतल्या वायरकार्डचं नाव कुणी घेत नाही. तीसुद्धा तंत्रज्ञान कंपनीच, पैशांचे व्यवहार हाताळणारी. शॉर्टवाले आणि पत्रकार ओरडत होते की हिशेब खोटे आहेत. २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने दोन महिने त्या शेअरच्या शॉर्टवरच बंदी घातली आणि साध्या माणसांना वाटलं, सरकार म्हणतंय म्हणजे कंपनी खरी. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो अस्तित्वातच नाहीत हे बाहेर आलं आणि कंपनी बुडाली. शॉर्टवाले तेव्हा बरोबर होते. म्हणून मी त्यांना शिव्या देत नाही. ऑगस्टचा अहवाल मी दोनदा वाचला, प्रत्येक आरोप कंपनीच्या तिमाही निकालाशी ताडून पाहिला. मागण्यांबद्दलची भाषा कंपनीने खरंच वाढवून वापरली होती. पण माल जातोय आणि पैसेही येतायत. शिल्लक रोख दोन वर्षं पुरेल.

मला खरी भीती वेगळीच आहे, आणि ती शॉर्टवाल्यांची नाही. भाव चढला की कंपनी स्वतःच नवे शेअर काढून विकते. दोन वर्षांत दोनदा केलंय. आपला वाटा तेवढा पातळ होतो. शॉर्ट करणाऱ्याला कधीतरी शेअर परत घ्यावाच लागतो, कंपनीने विकलेला शेअर परत येत नाही. पुढच्या निकालात पुन्हा असं दिसलं तर मी सगळे विकेन. हे मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय, भाव बघून मन बदलू नये म्हणून.

आता जे सांगायला बसले ते.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी म्हटलं होतं की बोनस अर्धाच आला. तो पूर्ण आला होता. माझ्या शैक्षणिक कर्जाचा मोठा भाग त्यातून फेडायचा, असं आपलं ठरलं होतं, आणि दादाच्या लग्नाआधी घराची कागदपत्रं बँकेतून सोडवायची होती. मी त्यातून ४०० शेअर घेतले, २१ डॉलरने. वाटलं, वर्षभरात सगळं कर्ज एका फटक्यात संपवीन आणि मगच सांगेन. या जानेवारीत भाव ५८ झाला. त्या दिवशी विकले असते तर कागदपत्रं आज बाबांच्या कपाटात असती. तेव्हा मी निकाल वाचत नव्हते, बाबा. शॉर्टवाले अडकलेत, त्यांना घ्यावंच लागेल, १०० होईल, एवढंच डोक्यात होतं. कंपनीवरचा विश्वास वगैरे मी नंतर म्हणायला लागले. तेव्हा मी दुसऱ्याच्या तोट्याची वाट बघत होते.

तुमचे १९९२ चे कागदी शेअर मी लहानपणी पाहिलेत. तुम्ही ते कधी फेकले नाहीत आणि त्याबद्दल कधी बोललाही नाहीत. तुम्ही ‘विकून टाक’ म्हणालात तेव्हा मी चिडून बोलले, ते त्या कागदांमुळेच असावं. मला माफ करा.

सोमवारी मी २०० शेअर १३ डॉलरने विकले. इथे आता दुसऱ्याच दिवशी सौदा मिटतो, त्यामुळे पैसे हातात आले आणि पाठवलेही. सव्वादोन लाखांच्या आसपास जमा होतील. उरलेले २०० ठेवते. ३० दिवसांत पुन्हा खरेदी केली तर तोटा करात धरत नाहीत, त्यामुळे मोह झाला तरी घेणार नाही. नोव्हेंबरपासून दर महिन्याला हप्त्याशिवाय वेगळी रक्कम पाठवीन. लग्नाआधी कागदपत्रं सुटणार नाहीत, हे मात्र आता सरळ सांगते. वहिनीच्या घरच्यांना याबद्दल काही बोलला असाल तर दोष माझ्यावर टाका.

दादा, तिकीट काढलंय. लग्नाच्या चार दिवस आधी पोचते, बारा दिवसांची रजा आहे. मला आणायला एवढ्या पहाटे कुणी येऊ नका, मी येईन. माझ्यासाठी वेगळं काही घेऊ नका.

आई, तू पाठवलेली माहिती वाचली. मुलाशी बोलायला माझी हरकत नाही, तू सारखी विचारतेस आणि मी टाळते, ते यासाठीच होतं की आधी हे सगळं सांगायचं होतं. त्यांच्याकडे बोलणं होईल तेव्हा कर्ज किती उरलंय ते सांग. ‘मुलगी अमेरिकेत आहे, पैशाची काही अडचण नाही’ असं म्हणू नकोस. शेअरचं त्याला मीच सांगेन.

बाबा, रागवा, पण फोन घ्या. रविवारी नेहमीच्या वेळी करते.

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, बँकेत बाबांबरोबर तू जा. रक्कम मुद्दलात वळती करायची आहे, पुढचे हप्ते आगाऊ धरायचे नाहीत, हे अर्जात स्पष्ट लिहून घे आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय निघू नकोस.