बुकिंग घेता, तर तारीख आणि भावही लिहून द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक मालवाहू गाड्यांच्या जाहिराती हल्ली आपल्या दैनिकात वरचेवर दिसतात. शोरूमची पोरं तर मार्केट यार्डाच्या गेटवर पत्रकं वाटत उभी असतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेल-चादरींच्या गाठी आणि हंगामात कांदा वाहणारा मी टेम्पोमालक. ही गाडी यावी असं मलाही मनापासून वाटतं. डिझेल नव्वदीच्या घरात आहे, भरलेला छोटा हत्ती किलोमीटरला पाचएक रुपयांचं डिझेल पितो. विजेचं युनिट दहा रुपयांनी धरलं तरी तेच काम दोन-अडीच रुपयांत होतं. हे गणित आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. गाडी नक्की कधी मिळणार आणि मिळेल तेव्हा कोणत्या भावाने, हे मात्र कुणी कागदावर लिहून देत नाही.

माझ्या चुलतभावाने बुकिंगचे पैसे भरले. दिवाळीत गाडी दारात, असं तोंडी ठरलं. दिवाळी गेली, जानेवारीतली गड्ड्याची यात्राही उरकली. मधल्या काळात फायनान्सच्या मंजुरीची मुदत संपली, म्हणून नवं कोटेशन, पुन्हा सगळी कागदपत्रं. तेवढ्यात जुन्या टेम्पोचं पासिंग आलं. जी गाडी विकून टाकायची होती तिलाच टायर, पाटे, रंग आणि वर्षाचा विमा करावा लागला. अखेर शोरूमचा फोन आला तो, ‘दादा, रेट बदललाय,’ हे सांगायला. गिऱ्हाईक थांबलं तर त्याचा खर्च गिऱ्हाइकाच्याच माथी, असा हा व्यवहार आहे.

आणि हे काही आपल्याकडेच घडतंय असं नाही. अमेरिकेत टेस्लाने सायबरट्रक हा इलेक्ट्रिक पिकअप नोव्हेंबर २०१९ मध्ये दाखवला. किंमत ३९,९०० डॉलरपासून, उत्पादन २०२१ अखेरीस, असं सांगून शंभर-शंभर डॉलर घेऊन नोंदणी केली. पहिल्या गाड्या गिऱ्हाइकांना मिळाल्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेलचा भाव ६०,९९० डॉलर सांगितला गेला. फोर्डने एफ-१५० लाइटनिंग ही तशीच गाडी २०२१ मध्ये चाळीस हजार डॉलरच्या आत जाहीर केली. वर्षभरात ती रस्त्यावर आणली हे खरं, पण नंतर किमती चढवल्या, २०२३ मध्ये पुन्हा उतरवल्या, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निव्वळ बॅटरीवरची ही गाडी बंद करत असल्याचं सांगितलं. रॅमने आपला इलेक्ट्रिक पिकअप पुढे ढकलत ढकलत शेवटी रद्दच केला. असेच पिकअप बनवणारी लॉर्ड्सटाउन नावाची कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. ओझं वाहायचं तर बॅटरी मोठी लागते आणि मोठी बॅटरी गाडीची किंमत फुगवते, हा पेच तिथल्या बड्या कंपन्यांनाही नीट सुटलेला नाही.

आपल्याकडे गाड्या लहान असल्याने पेच थोडा सैल आहे. टाटांची एस ईव्ही, म्हणजे विजेवरचा छोटा हत्ती, मे २०२२ मध्ये जाहीर झाली, तेव्हाच ई-कॉमर्स आणि लॉजिस्टिक्स कंपन्यांशी ३९ हजार गाड्यांचे करार झाले होते. जानेवारी २०२३ मध्ये पहिल्या गाड्याही त्यांच्याच दारात गेल्या. एकगठ्ठा गिऱ्हाइकाला आधी माल, हा धंद्याचा नियम आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पुढे स्पर्धा वाढली ती आमच्या पथ्यावरच पडली. ऑक्टोबर २०२४ मध्ये महिंद्राची झिओ साडेसात लाखांपासून आली, जून २०२५ मध्ये टाटांची एस प्रो ईव्ही साडेसहा लाखांत, आणि त्याच सप्टेंबरात ऑयलरची एक टनाची गाडी सहा लाखांच्या आत. तीन वर्षांपूर्वी या भावांवर कुणी विश्वास ठेवला नसता.

पण ही चढाओढ जाहिरातीच्या आकड्यांपाशीच थांबते. पहिल्या एस ईव्हीची बॅटरी २१.३ युनिटची, चाचणीतली रेंज १५४ किलोमीटर, वाहायचं वजन सहाशे किलो. सहाशे किलो म्हणजे कांद्याच्या पन्नास किलोच्या बारा पिशव्या. बारा पिशव्यांसाठी यार्डात कुणी टेम्पो लावत नाही! पासिंगपेक्षा जास्त भरणं चूक आहे, मान्य, पण भाड्याचा दर तेवढं भरायला लावतो हेही खरं. वर आपला एप्रिल-मे. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत दुपारभर पत्र्याच्या शेडबाहेर उभी राहिलेली गाडी भरून बार्शीला जाऊन परत येईल का, याचं उत्तर सेल्समनकडे नसतं. उद्या बॅटरीत बिघाड झाला तर जिल्ह्यात ती उघडू शकणारा मेकॅनिक आहे, की अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला टोचन लावून न्यायची, यावरही तो गप्प.

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं ट्रकांचं अनुदान साडेतीन टनांवरच्या गाड्यांना आहे, आमच्या लहान टेम्पोला त्यातलं काही मिळत नाही. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात मात्र हलक्या मालवाहू गाड्यांना सवलत आहे. पैसा जनतेचा आहे, तेव्हा त्याला अटी असाव्यात. बुकिंगच्या पावतीवर ताब्याची तारीख आणि भाव छापलेला हवा. तारीख चुकली तर पैसे व्याजासह परत मिळावेत. आणि जिल्ह्यात दुरुस्तीची सोय नसलेल्या कंपनीच्या गाडीला ही सवलत देऊ नये. परिवहन विभागाने मनावर घेतलं तर याला नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही.

याच धोरणात महामार्गावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय सांगितली आहे. ती होईल तेव्हा होवो. पण लिलाव उरकेपर्यंत आमचे टेम्पो यार्डात तासन्‌तास नुसते उभे असतात. बाजार समितीने तिथेच, माल न उतरवता गाडी लावता येईल अशा जागी, चार-सहा चार्जर बसवावेत. विजेचे पैसे आम्ही भरू.

आपला,
एक टेम्पोमालक, पूर्व भाग, सोलापूर