गंठण परत मिळाले की हात थांबवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नागरिकांनी चोरट्याला बेदम चोप देऊन पोलिसांच्या स्वाधीन केले’ अशा धर्तीची वाक्ये आपल्याकडच्या बातम्यांत वरचेवर दिसतात आणि ती कौतुकाने लिहिलेली असतात. यातल्या ‘स्वाधीन केले’ला कायद्याचा पाठिंबा आहे. ‘बेदम चोप’ हा मात्र स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा कधीकधी मूळ चोरीहून मोठी असते. हा फरक माहीत नसल्याने मदतीला धावलेली माणसे आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहतात. एकदा तसे झाले की पुढच्या वेळी त्या गल्लीत कुणी दार उघडत नाही.

कोल्हापूरचा माणूस सहसा बघत उभा राहत नाही. पेठेत आरडाओरडा झाला की तालमीतली पोरे पायात चप्पल न घालता धावतात. ही सवय टिकावी, म्हणून हे तपशीलवार लिहितो आहे.

जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. हा हक्क फक्त स्वतःपुरता असतो, हा समज चुकीचा आहे. कलम ३५ नुसार कोणत्याही माणसाच्या शरीराचा बचाव करता येतो. चोरी, जबरी चोरी, नासधूस किंवा अतिक्रमण होत असेल, तर दुसऱ्याची मालमत्ताही वाचवता येते. रंकाळ्यावर फिरायला आलेल्या अनोळखी बाईंचे गंठण कुणी हिसडा मारून पळवत असेल, तर त्याची गाडी आडवणे, त्याला खाली पाडणे, हात पिरगाळून गंठण सोडवणे हे सगळे या हक्कात बसते. त्यात त्याला खरचटले म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही.

पण हा हक्क संपतो कधी, हे कलम ४३ मध्ये लिहिलेले आहे आणि नेमके तेच कुणाला ठाऊक नसते. चोरीच्या बाबतीत चोर माल घेऊन निसटेपर्यंत, पोलिसांची मदत मिळेपर्यंत किंवा माल परत मिळेपर्यंत हा हक्क चालतो. यातले जे आधी घडेल, तिथे तो संपला. म्हणजे गंठण तुमच्या मुठीत आले आणि चोर जमिनीवर निपचित पडला, की त्यानंतरची प्रत्येक लाथ तुमच्या नावावर. त्याने चाकू काढला, दगड उचलला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा मालाचा नव्हे, तर जिवाचा बचाव सुरू असतो आणि धोका आहे तोवर तो हक्क चालू राहतो. शिवाय कलम ३७ सांगते की बचावापुरते लागेल त्याहून जास्त इजा करता येत नाही.

‘जास्त’ म्हणजे किती? गंभीर दुखापतीची व्याख्या कलम ११६ मध्ये आहे. हाड मोडणे, सांधा निखळणे, दात तुटणे किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना राहणे हे सगळे त्यात येते. एक दात पडला तरी कलम ११७ लागू शकते. त्याची शिक्षा सात वर्षांपर्यंत. गंठण हिसकावण्याच्या गुन्ह्याची, म्हणजे कलम ३०४ ची, तीन वर्षांपर्यंत. गज किंवा अशाच घातक हत्याराने गंभीर दुखापत केली, तर कलम ११८ खाली जन्मठेपेपर्यंत मजल जाते. आणि मारणारे पाच किंवा अधिक झाले की बेकायदेशीर जमावाची कलमे, १८९ आणि १९०, पुढे येतात. मग ज्याने एकच चापट मारली, त्यालाही इतरांनी केलेल्या इजेचा जाब द्यावा लागू शकतो. आपल्याकडे गर्दी जमायला किती वेळ लागतो, हे सांगायला नको.

गर्दीला चूकही उमगत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारे समजून पाच भिक्षुकांना जमावाने ठार मारले. गावाचे रक्षण करतो आहोत, असेच तिथल्या माणसांना वाटत असणार.

आता पकडून ठेवण्याविषयी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ४० ने सामान्य माणसाला अटकेचा अधिकार दिला आहे, पण अटींसह. गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत घडलेला हवा. तो दखलपात्र (पोलिसांना वॉरंटविना अटक करता येते असा) हवा आणि अजामीनपात्रही (जामीन हक्काने मिळत नाही असा) हवा. दोन चौक पुढे ‘चोर, चोर’ ऐकून समोरून पळत येणाऱ्याला धरणे यात बसेलच असे नाही. पकडल्यापासून विनाकारण उशीर न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यायचे. सहा तासांची ही मर्यादा जुन्या कायद्यात नव्हती.

इथे एक बारकावा आहे. नव्या न्याय संहितेत पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल परत केला, तर समाजसेवेच्या शिक्षेची आहे आणि असा गुन्हा अदखलपात्र आहे. माणूस पहिल्यांदा चोरी करतो आहे की दहाव्यांदा, हे रस्त्यावर उभे राहून कुणालाच कळत नाही. म्हणून चपला, जुना मोबाइल, किराणा दुकानातला डबा अशा चोरीत वस्तू परत घ्यावी, ११२ ला फोन करावा, गाडीचा नंबर टिपून ठेवावा आणि तिथेच थांबावे. कोंडून ठेवू नये.

विजेच्या खांबाला बांधणे, अंगावरचे कपडे उतरवणे, खिसे तपासणे, कबुली वदवून घेणे यातला एकही अधिकार नागरिकाला नाही. पळून जाता येणार नाही इतकेच रोखायचे. संशयित बाई असेल, तर तिला बायकांनीच थांबवावे. मूल असेल, तर फोटो काढून फिरवू नये. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली त्यासाठी सहा महिने कैद, दोन लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणाऱ्याला न्याय संहितेचे कलम ७२ लागते, मग व्हिडिओ कितीही चांगल्या हेतूने टाकलेला असो.

पहिला फोन ११२ ला का करायचा, तेही सांगतो. त्या कॉलची वेळ नोंदली जाते आणि सहा तासांचा हिशेब मांडताना तीच तुमच्या बाजूने बोलते. चोराला शाहूपुरी, राजारामपुरी, लक्ष्मीपुरी किंवा जुना राजवाडा यांपैकी ज्या ठाण्यात द्याल, तिथे स्टेशन डायरीतली नोंद आणि वेळ विचारून घ्या. तुम्हाला लागले असेल, तर पोलिसांची यादी, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, घेऊन त्याच दिवशी सीपीआर रुग्णालयात तपासून घ्या. दोन दिवसांनी आणलेल्या दाखल्यावर उलटतपासणीत पहिला प्रश्न उशिराचा येतो. अटक झालेल्याचीही वैद्यकीय तपासणी होतेच. त्याच्या अंगावरच्या जखमा किती, कुठे आणि किती तासांपूर्वीच्या, हे तिथे लिहिले जाते आणि त्याची प्रत त्याला मिळते. उलट तक्रार बहुधा याच कागदावर उभी राहते.

जबाब देताना सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘आम्ही हातच लावला नाही’ असे सांगणे. कोपऱ्यावरचा सीसीटीव्ही वेगळे दाखवतो आणि मग तुमचे खरेही खोटे ठरते. काय पाहिले, कसे रोखले, त्याने काय प्रतिकार केला आणि तुम्ही केव्हा थांबलात, हे क्रमाने सांगावे. मुन्शीराम प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की आरोपीने खासगी बचावाचा मुद्दा स्पष्टपणे मांडला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते. दर्शन सिंग प्रकरणात २०१० साली याच न्यायालयाने सांगितले की जिवावर बेतलेल्या क्षणी माणसाने केलेला बचाव सोनाराच्या काट्यावर तोलता येणार नाही. गुजरीतल्या सराफांच्या काट्यासारखी अचूकता कायदा मागत नाही, पण प्रामाणिकपणा मागतो.

उलट गुन्हा दाखल झालाच, तर घाबरून परगावी जाऊ नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस येते. ती पाळली तर अटक टळते. न पाळली तर तेच अटकेचे कारण होते. अटकपूर्व जामीन कलम ४८२ खाली, गुन्हा रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात कलम ५२८ खाली. त्यासाठी पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसते, हा मोठा आधार आहे. बेकायदा अटकावाबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही होऊ शकतो. त्याची मुदत एक वर्ष.

खरी उणीव मात्र कायद्यात आहे. रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ ने दिवाणी आणि फौजदारी संरक्षण दिले. ते २०१९ च्या दुरुस्तीने आले. त्याआधी ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वांना बळ दिले होते. अपघातातल्या जखमीला रिक्षात घालणारा आज सुरक्षित आहे. चाकूहल्ल्यातल्या मुलीला सोडवणाऱ्याला मात्र स्वतःचा बचाव न्यायालयात स्वतः दाखवून द्यावा लागतो. हे अन्यायाचे आहे. प्रामाणिकपणे आणि मर्यादेत हस्तक्षेप करणाऱ्याला असेच संरक्षण मिळावे, यासाठी आपल्या खासदार-आमदारांनी आग्रह धरावा.

तोवर जे आहे ते तरी वापरावे. मदत करताना जखमी झालेला माणूसही सुरक्षा संहितेच्या व्याख्येत ‘पीडित’ आहे. कलम ३९६ खालच्या भरपाईसाठी त्याला कसबा बावड्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. साक्ष देण्याची भीती वाटत असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षण मागता येते.

पोलीस अधीक्षकांना विनंती, की नागरिकाने आरोपी आणून दिला तर त्याला वेळ लिहिलेली पोच द्यावी. आणि आपल्याला विनंती, की अशा बातमीत ‘चोप’ किती बसला हे न छापता ११२ ला फोन किती वाजता गेला, ते छापावे.

आपला विश्वासू,
फौजदारी न्यायालयांत काम करणारा एक वकील,
कसबा बावडा, कोल्हापूर