ओवीच्या भावाच्या नावाविषयी

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

तुम्ही उभयतांनी बाळासाठी काढलेली दोन नावे, ‘ओविश’ आणि ‘अभंग’, तुझ्या आईने मला सांगितली. फोनवर मी नुसते ‘कळवतो’ म्हणालो, कारण नावाच्या बाबतीत घाईने काढलेला शब्द मनाला लागून राहतो.

‘ओविश’ मला पटले नाही. नाव वेगळे आहे म्हणून नव्हे. ‘ओवी’ हे नावही पाच वर्षांपूर्वी आपल्या नात्यात कुणी ऐकले नव्हते आणि मला ते पहिल्याच दिवशी आवडले होते. परंतु ‘ओविश’चा अर्थ काय, असे विचारल्यावर जावईबापू म्हणाले की अर्थ विशेष नाही, ओवीशी जुळते एवढेच. नेमके हेच मला खटकते.

नगरपालिकेत जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर माझी एकोणीस वर्षे गेली. बाळापेक्षा त्याच्या आधीच्या भावंडांविषयीच अधिक बोलणारी नावे मी पुष्कळ लिहिली. आधीची मुले दगावली म्हणून, या तरी लेकराला दृष्ट लागू नये या आशेने ठेवलेले दगडू किंवा धोंडू समजण्यासारखे होते. त्यात माया होती. पण एकदा एका गृहस्थांनी तिसऱ्या मुलीचे नाव ‘नकुसा’ सांगितले, तेव्हा मी पेन खाली ठेवले आणि दुसरे काही सुचवा म्हणालो. ‘पोरगा झाला की चांगलं सांगतो, सायेब,’ असे ते हसून म्हणाले, आणि मला ते नाव लिहावे लागले. पुढे २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आल्याची बातमी वाचली, तेव्हा मला ते हसणे पुन्हा ऐकू आले. तुमच्या ‘ओविश’ची आणि त्या नावाची तुलना करण्याइतका मी निष्ठुर नाही, तरीपण स्वतःचा अर्थ नसलेले आणि थोरल्या बहिणीच्या नावाला शेपटासारखे लावलेले नाव मुलाला जन्मभर दुय्यम ठेवील, असे मला वाटते.

भावंडांची नावे जुळवूच नयेत, असा माझा हट्ट मुळीच नाही. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव ही चापेकर बंधूंची तिन्ही नावे कृष्णाचीच. सावरकरांच्या घरी गणेश आणि विनायक हे दोघेही गणपती. आणि निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता या चौघांची नावे ओळीने वाचली, तर संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, त्याची पायरी आणि शेवटी मुक्ती, असा एक संपूर्ण प्रवासच दिसतो. तरीही मुक्ताबाई कुणाच्या नावाची पुरवणी वाटत नाही.

म्हणून ‘अभंग’ला माझी संमती आहे. अभंगाचा छंद ओवीतूनच घडला असे मानतात, त्यामुळे जुळणी कानापुरती न राहता मुळापर्यंत जाते. शिवाय ‘न भंगणारा’ हा अर्थ ओवी शेजारी नसतानाही उभा राहतो. शाळेत मुले ‘अभंग, एक अभंग म्हण’ अशी थट्टा करतील, हे मात्र गृहीत धरा. त्याला सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे चार चरण वेळीच शिकवून ठेवले, तर तो उत्तर देईल. तुझ्या आईने विचारले आहे की तिसरे झालेच तर ‘भारूड’ ठेवणार काय. तिला मी गप्प केले आहे.

बाराव्या दिवशी बारसे करा, परंतु दाखल्यावर नाव चढवण्याची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली की पुरे; नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. तोवर एक करून पाहा. संध्याकाळी गॅलरीत उभी राहून, खाली खेळणाऱ्या मुलाला मारतात तशी, ते नाव घेऊन मोठ्याने हाक मार; ओवीला जोडून नव्हे, फक्त त्याला. कशी वाटते ते कळव.

तुझे बाबा

ता. क. : पत्राच्या माथ्यावर मीही ‘ओवीचा भाऊ’ असेच लिहिले आहे, हे आता ध्यानात आले. खोडत नाही.