बुडालेली जहाजे वर काढण्याची घाई नको

मा. संपादक,
स. न.

कोकण किनाऱ्याजवळ बुडालेली जुनी जहाजे शोधून ‘वर काढावीत आणि संग्रहालयात मांडावीत’, असे सुचवणारे एका वाचकाचे पत्र गेल्या रविवारच्या अंकात वाचले. समुद्रापासून इतक्या दूरच्या नागपूरकराने यात कशाला बोलावे, असे कोणी म्हणेल. पण पाण्यातले लाकूड वर काढून वाया घालवल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या वाड्याची विहीर उपसली, तेव्हा तळच्या गाळातून रहाटाचे लाकडी चाक निघाले. रंगाने काळेभोर, पण सगळे आरे शाबूत होते आणि तासणीच्या खुणाही स्पष्ट दिसत होत्या. आम्ही ते हौसेने धुऊन अंगणात ठेवले. तिसऱ्या दिवशी त्याला बोट शिरेल एवढी भेग गेली आणि आठवडाभरात आरे पिळवटून तुंब्यातून निसटले. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले, तरी ही चूक माझ्याच हातून झाली. दीर्घकाळ पाण्यात राहिलेल्या लाकडातले, त्याला बळकटी देणारे सेल्युलोज बरेचसे नष्ट होऊन त्याची जागा पाण्याने घेतलेली असते. ते पाणी झपाट्याने उडाले की पोकळ झालेल्या पेशी आतल्या आत मिटतात.

स्वीडनचे ‘वासा’ हे जहाज १६२८ मध्ये बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले गेले. त्याच्या लाकडातल्या पाण्याची जागा पॉलिइथिलीन ग्लायकॉल या मेणासारख्या द्रव्याने हळूहळू घ्यावी म्हणून त्यावर १७ वर्षे फवारणी करावी लागली, आणि तरीही २००० च्या सुमारास त्याच्या लाकडात गंधकाम्ल तयार होत असल्याचे आढळले. मुळात ते इतके अखंड सापडले, कारण ते बुडाले त्या बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारे आहे आणि लाकूड पोखरणारा शिपवर्म, जो खरे तर शिंपल्याच्या कुळातला, तिथे जगत नाही. आपल्या उबदार समुद्रात उघडे पडलेले लाकूड तो फस्त करतो. वाळूखाली गाडलेले तेवढे टिकते. म्हणजे तयारीवाचून वाळू उपसणे हीच पहिली हानी. लोखंडी तोफांचेही तसेच: आत मुरलेले, समुद्राच्या मिठातले क्लोराइड काढल्याशिवाय त्या सुकू दिल्या, तर त्यांचे पापुद्रे सुटतात.

अभ्यासासाठी अख्खे जहाज हाती यावे लागते असेही नाही. गोव्याजवळच्या सुंची खडकापाशी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या एका पोर्तुगीज जहाजाचे अवशेष तपासले. तिथे तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात मिळाले. पाणघोडा आफ्रिकेचा, भांडी चीनची. या वस्तू एकाच ठिकाणी पडलेल्या नोंदवल्या गेल्या, म्हणून त्या काळच्या व्यापाराचा माग लागतो. तोच हस्तिदंत कोणी बाजारात विकला असता, तर तो केवळ हस्तिदंत उरला असता. पाण्याखालच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या युनेस्कोच्या २००१ च्या करारातही अवशेष जागेवरच जतन करण्याचा पर्याय आधी विचारात घ्यावा असे म्हटले आहे आणि त्यांच्या व्यापारी वापराला मनाई केली आहे.

म्हणून आपल्याला विनंती अशी की, अशा शोधाच्या बातमीला ‘खजिना’ हा मथळा देऊ नये, आणि किती सोने निघाले यापेक्षा जागेचा नकाशा कोणी काढला, लाकूड कुठे आणि कशात ठेवले, हे वार्ताहरांनी विचारावे. आमचे चाक विहिरीत किती खोल होते, त्याच्याभोवती काय होते, याची नोंद आम्ही केली नव्हती. त्यामुळे ते कोणत्या काळचे, हे आता कोणालाच सांगता येत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, महाल, नागपूर