लीनियर प्रोग्रामिंगच्या धड्यात करमरकर हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या गणितात लीनियर प्रोग्रामिंगचा, म्हणजे ठरलेल्या अटींत राहून जास्तीत जास्त फायदा कसा काढायचा याचा धडा असतो. आलेख काढायचा, अटींचा प्रदेश रंगवायचा, कोपऱ्यांचे बिंदू तपासून सर्वांत जास्त नफा देणारा कोपरा निवडायचा. फोंड्यात बारावीच्या मुलांना हे शिकवताना दरवर्षी वाटते, की खरी गंमत सुरू होते तिथेच, म्हणजे गणिती नरेंद्र करमरकर यांच्या पद्धतीआधीच, धडा संपतो.

दोन चलांचे गणित कागदावर सुटते. पण गोव्यातल्या कदंब बससेवेच्या सगळ्या फेऱ्यांना गाड्या आणि चालक कसे वाटून द्यायचे, हे ठरवायला बसलो तर चलांची संख्या भराभर वाढते. अमेरिकी गणिती जॉर्ज डँट्झिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत कडेकडेने, या कोपऱ्यावरून त्या कोपऱ्यावर जाते. एरवी ती झटपट उत्तर देते. मात्र क्ली आणि मिंटी या गणितींनी १९७२ मध्ये अशी गणिते रचली, की तिला एकूण एक कोपरे पालथे घालावे लागले. सोव्हिएत गणिती खाचियान यांच्या १९७९च्या पद्धतीत ही भीती नव्हती, पण प्रत्यक्ष वापरात ती फार संथ निघाली.

१९८४ मध्ये एटी अँड टी या अमेरिकी दूरध्वनी कंपनीच्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेतल्या नरेंद्र करमरकर यांनी कोपऱ्यांचा नादच सोडला. ग्वाल्हेरला जन्मलेले, आयआयटी मुंबईत शिकलेले करमरकर तेव्हा तिशीच्या आत होते. त्यांची पद्धत प्रदेशाच्या आतून चालते. दर पावलाला ती प्रदेशाचे असे रूपांतर करते, की आपण पुन्हा मध्यावर येतो आणि पुढचे पाऊल लांब टाकता येते. चलं वाढली तरी श्रम आटोक्यात राहतात याची सिद्धता त्यांनी दिलीच, शिवाय ही पद्धत व्यवहारातही चालली. न्यूयॉर्क टाइम्सने बातमी पहिल्या पानावर छापली. १९८८ मध्ये या पद्धतीचे पेटंट एटी अँड टीला मिळाले, त्यावर वाद झाला. गणितावर कुणाची मालकी असू नये असे मलाही वाटते. सिम्प्लेक्स काही मोडीत निघाली नाही. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही पद्धती नांदतात.

करमरकर पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) प्राध्यापक होते. गोव्यात जन्मलेले दामोदर कोसंबीही तिथलेच गणिती. कोसंबींच्या नावाने पणजीत भरणाऱ्या विचार महोत्सवात या विषयावर एक व्याख्यान व्हावे, तेही मराठी-कोंकणीत, अशी आयोजकांना विनंती आहे. आणि आपण विद्यार्थ्यांसाठी करमरकरांवर सविस्तर लेख छापलात, तर तो मी वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
एक गणित शिक्षिका, फोंडा