अकरा गोळ्या

चि. अनिकेत यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल तुझे कपाट आवरताना १५ गोळ्यांची स्ट्रिप हाती आली. त्यातल्या चारच घेतलेल्या होत्या, अकरा तशाच होत्या आणि शेजारी सेंट जॉन्स वर्ट या औषधी वनस्पतीच्या कॅप्सूलची नवी बाटली होती. न विचारता कपाटाला हात लावला याचा तुला राग आला, तर तो रास्तच आहे. पण समोर बसून बोलू लागले की मला रडू येते आणि मग तूच माझी समजूत काढत बसतोस, म्हणून लिहिते आहे.

गोळ्यांनी मळमळ झाली आणि झोप उडाली, असे तू म्हणाला होतास. नैराश्यावरच्या या औषधांचा त्रास पहिल्या दिवसांतच जाणवतो आणि गुण यायला मात्र २ ते ६ आठवडे लागतात. म्हणजे चौथ्या दिवशी तुझ्या पदरात त्रास तेवढा पडला. पुरेशा मुदतीनंतरही फरक पडला नाही, तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात, आणि बरे वाटू लागल्यावरही ते किमान सहा महिने चालू ठेवून मगच हळूहळू उतरवतात. तुझ्या वयात सुरुवातीच्या आठवड्यांत जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार वाढू शकतात. तसे झाले तर कितीही वाजले असोत, मला उठव. आपण लगेच डॉक्टरांना गाठू.

त्या वनस्पतीला माझा विरोध नाही. सौम्य नैराश्यात तिचा उपयोग झाल्याचे काही चाचण्यांत दिसले आहे. मात्र तीही तुझ्या गोळ्यांसारखी मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरच काम करते आणि त्यांच्याबरोबर घेतली, तर थरथर, घाम, ताप, अस्वस्थता इथपासून जिवाच्या धोक्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. अश्वगंधाही सर्वांनाच निर्धोक नाही, कारण तिने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. चालणे, योगासने, ध्यान हे अवश्य कर, पण औषध सोडून नव्हे, औषधाच्या जोडीने.

समुपदेशनाबद्दल तू नाक मुरडतोस, तिथे मात्र मी हट्ट धरणार आहे. विचार आणि वर्तनावर काम करणारी सीबीटी ही साधारण १२ ते १६ बैठकांची पद्धत आहे. घरी करायचा अभ्यास देतात, आणि चिंतेवर तिचा गुण चांगला येतो. मनात येणारा विचार कागदावर लिहून तो कितपत खरा आहे हे तपासायचे, ही त्यातली पहिली पायरी मला फार शहाणपणाची वाटते.

तुला कधी सांगितले नाही, पण तुझ्या जन्माआधी मलाही घबराटीसाठी तीन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या मी कुणाला न विचारता दोन वर्षे घेतल्या. त्यांची सवय लागली आणि सोडवायला कितीतरी महिने गेले. मी परस्पर चालू ठेवल्या आणि तू परस्पर बंद केल्यास, एवढाच फरक.

स्ट्रिप आणि बाटली होती तिथेच ठेवली आहे. गुरुवारी डॉक्टरांकडे जाताना दोन्ही बरोबर घे आणि गोळ्या कोणत्या दिवशी सोडल्यास तेही सांग. मी बाहेर बाकावर बसेन; बोलावलेस तरच आत येईन.

तुझी,
आई